कडेवरून पाहिलेली टिळकवाडी

बेळगावात टिळकवाडीत राहणाऱ्या माणसाला ‘सकाळी फिरायला कुठे जाता?’ असं विचारलं, तर निम्म्या वेळा एकच उत्तर मिळेल : व्हॅक्सिन डेपो. मोठमोठी झाडं, जुन्या इमारती, पावसाळ्यात पायाखाली लाल चिखल आणि डोक्यावर पानांतून ठिबकणारं पाणी. शहराच्या मधोमध एवढी झाडी शिल्लक आहे, हे बाहेरून आलेल्या पाहुण्यांना खरं वाटत नाही. आम्ही मात्र तिथेच सायकल शिकलो, तिथेच क्रिकेट खेळलो, आणि या जागेला ‘व्हॅक्सिन’ हे नाव का, असा प्रश्न लहानपणी कधी पडला नाही. नाव म्हणजे नाव. कॉलेज रोडला कॉलेज रोड म्हणतात तसं.

उत्तर आमच्या घरातच होतं, आईच्या दंडावर. तिच्या पिढीतल्या सगळ्यांच्या दंडावर असतो तो देवी टोचल्याचा गोल वण. ब्रिटिश आमदनीत या आवारात देवीची लस तयार होऊ लागली. त्या काळी ती लस जनावरांच्या कातडीवर वाढवत. ‘व्हॅक्सिन’ हा शब्दच मुळी गाईला लॅटिनमध्ये ‘वाका’ म्हणतात त्यावरून आला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं आणि ती लस टोचायची गरजच उरली नाही. माझ्या दंडावर तो वण नाही, माझ्या मुलीच्याही नाही. रोग गेला, लस गेली, आम्हाला फिरायला झाडी राहिली.

हे सगळं मी शोधून वाचलं ते गेल्या पावसाळ्यात. कारण त्या दोन महिन्यांत मी टिळकवाडीतून रोज फिरत होतो, आणि माझ्या छातीशी, मुलीच्या जुन्या बेबी कॅरियरमध्ये, एक कुत्र्याचं पिल्लू होतं.

उद्यमबागेत माझ्या मित्राचं वर्कशॉप आहे. तिथल्या शेडमध्ये एका भटक्या कुत्रीनं जूनच्या आधी पाच पिल्लं दिली. मित्रानं चार पिल्लांना घरं शोधली. पाचवं, खव्याला भाजून तांबूस रंग यावा तशा रंगाचं, आमच्याकडे आलं. वय सात आठवडे. मनूनं, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या मुलीनं, रंग बघून तिथल्या तिथे नाव ठेवलं : कुंदा. आमच्या गावाची मिठाई, यापेक्षा चांगलं नाव कुठलं? आई म्हणाली, “अरे, पण माझ्या धाकट्या बहिणीचं नाव कुंदा आहे! ती दिवाळीला आली की काय हाक मारणार?” तोवर उशीर झाला होता. पिल्लू नावाला ओ द्यायला लागलं होतं.

आमच्या घरी आधीच एक कुत्रा आहे. बाजी, मुधोळ हाउंड. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात. लांब पाय, आत गेलेलं पोट, लांबट तोंड. वासापेक्षा नजरेनं शिकार करणारा, आणि पळायला लागला की वाऱ्यालाही मागे टाकणारा. २००५ साली टपाल खात्यानं या जातीवर तिकीट काढलं होतं. असा हा रुबाबदार प्राणी छत्री उघडली की कपाटाच्या मागे जाऊन लपतो.

त्याला कारण आहे, आणि ते कारण मी आहे. पण त्याआधी मोतीची गोष्ट सांगायला हवी.

१९९९ची मे महिन्याची सुट्टी. मी दहा वर्षांचा. खानापूरकडच्या मामाच्या गावाहून मी एक पांढरं पिल्लू आणलं. मोती माझ्याबरोबर सगळीकडे असायचा : लेले मैदानावर, किराणा दुकानात, गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीपाशी, जिथे इतर कुत्री जमायची. त्याला लस द्यायची असते हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ‘गावठी कुत्र्याला कसली इंजेक्शनं?’ असंच सगळे म्हणायचे. एका सकाळी तो खाईना. संध्याकाळी उलट्या, दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण. त्या वासाची आठवण अजून जात नाही. चौथ्या दिवशी बाबांनी परसात आंब्याखाली खड्डा केला. डॉक्टर म्हणाले होते, पार्वो. तीन महिन्यांचंही वय नव्हतं त्याचं.

पार्वो हा विषाणू १९७८च्या सुमाराला जगात पहिल्यांदा ओळखला गेला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि मातीत महिनोन् महिने टिकतो. साबणानं मरत नाही, साध्या फिनेलनंही नाही. त्याला मारणारं औषध नाही. सलाईन लावून, उलट्या थांबवून पिल्लाला तगवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. म्हणजे ज्या रस्त्यावर आज एकही आजारी कुत्रं दिसत नाही, त्याही रस्त्याची खात्री देता येत नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून मी २०२०च्या मार्चमध्ये बाजीला आणलं. आठ आठवड्यांचा होता. मी पुण्याहून घरून काम करायला बेळगावला आलो, आणि आठवडाभरात लॉकडाऊन लागलं. लसीकरणासाठी जायला परवानगी होती, म्हणून बाबा त्याला गाडीतून दवाखान्यात नेऊन आणत. बाकी तो फाटकाबाहेर पडला नाही. मला तर मनातून बरंच वाटत होतं. रस्ता नको, धोका नको. तीन महिने त्यानं आम्हा चौघांना पाहिलं आणि आवाराची भिंत पाहिली. पाहुणा नाही, स्कूटर नाही, हेल्मेट घातलेला माणूस नाही, दुसरं कुत्रं नाही.

पाचव्या महिन्यात त्याला पहिल्यांदा बाहेर काढलं तेव्हा समोरून एक आजोबा काठी टेकत येत होते. बाजी जमिनीला चिकटला आणि थरथरायला लागला. मला वाटलं, होईल सवय. झाली नाही. आज पाच वर्षांचा आहे, लशी सगळ्या झालेल्या, तब्येत उत्तम, आणि तो फक्त पहाटे पाचला, रस्ते रिकामे असताना फिरू शकतो. गणपतीचे अकरा दिवस तो न्हाणीघरात काढतो. मोती रस्त्यामुळे गेला. बाजी जगला, पण रस्ता त्याच्यासाठी कायमचा बंद झाला.

पुढे वाचताना समजलं की कुत्र्याच्या पिल्लाचं मन जगासाठी उघडं असतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली पुस्तक लिहिलं, त्यात हे मांडलं आहे. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, ते पिल्लू ‘हे असंच असतं’ म्हणून स्वीकारतं. खिडकी मिटत आली की प्रत्येक नवी गोष्ट संशयाची. आणि लसीकरण पुरं होतं सोळाव्या आठवड्याला! सगळी इंजेक्शनं होईपर्यंत थांबलो, तर शिकायचं वय निघून गेलेलं असतं.

कुंदा आली त्या दिवशी मी डॉक्टरांना हेच विचारलं. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारलं, “मोठ्या कुत्र्याचं कार्ड दाखवा.”

कार्ड ड्रॉवरच्या तळाशी सापडलं. बाजीच्या रेबीजच्या वार्षिक इंजेक्शनची तारीख मार्चमध्येच उलटून गेली होती. मी दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिमना रिमाइंडर लावून देणारा माणूस! मान खाली घालून आधी बाजीची इंजेक्शनं करून घेतली. घरातला मोठा कुत्रा सुरक्षित असेल तरच त्याची संगत पिल्लाला सुरक्षित, आणि मनूच्या दृष्टीनंही रेबीजच्या बाबतीत ढिलाई परवडणारी नाही.

मग त्यांनी पिल्लाचं सांगितलं. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तयार संरक्षण मिळतं. ते रोगाशी लढतं, पण लसीलाही निकामी करतं. हे उसनं संरक्षण कुणाचं आठव्या आठवड्यात संपतं, कुणाचं चौदाव्या. बाहेरून कळत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा लस द्यायची आणि शेवटची सोळा आठवडे पुरे झाल्यावर. मला हे लगेच पटलं. सर्व्हर उत्तर देत नसेल तर आपण थोड्या थोड्या वेळानं पुन्हा विनंती पाठवतो, तसंच हे. एकदा पोचली की झालं, पण कुठली पोचेल ते आधी माहीत नसतं. म्हणून मधली एकही चुकवायची नाही.

“मग तोवर घरात ठेवू?” मी विचारलं.

“घरात का? पाय जमिनीला लागले नाहीत म्हणजे झालं. डोळे, कान, नाक यांना कुणी अडवलंय?”

अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेनंही २००८ साली हेच सांगितलं आहे, की पहिल्या लसीनंतर निदान सात दिवस गेले की काळजी घेऊन पिल्लाला जगाची ओळख करून द्यायला सुरुवात करावी. तिकडे स्वच्छ हॉलमध्ये पिल्लांचे वर्ग भरतात. आमच्याकडे हॉल नव्हता. बेबी कॅरियर होतं, आणि टिळकवाडी होती.

आठवा आठवडा संपताना आम्ही निघालो. वर छत्री, छातीशी कॅरियर, त्यातून बाहेर आलेले दोन कान. पहिल्याच कोपऱ्यावर फुलवाल्या बाईंनी बाळ समजून कौतुकानं वाकून पाहिलं आणि “अय्यो, नायी मरी!” म्हणून हसत सुटल्या. कन्नडमध्ये नायी मरी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. त्यांनी हात पुसून तिच्या डोक्यावरून फिरवला. कुंदानं आयुष्यातला पहिला झेंडू हुंगला. पलीकडच्या चहाच्या गाड्यावरून हाक आली, “काय गा, लेकराला पाजवणार काय च्या?”

त्यानंतर रोज दहा-पंधरा मिनिटं, रोज एक नवी जागा. माझा स्वभावच तसा, म्हणून मी एक्सेलमध्ये यादी केली. माणसं : दाढीवाला, बुरख्यातली बाई, हेल्मेटवाला, काठीवाले आजोबा, शाळेच्या गणवेशातली मुलं. आवाज : कुकरची शिट्टी, रिक्षा, मिक्सर. जनावरं : गाय, मांजर, शेळ्या. प्रत्येकासमोर तारीख आणि तिची प्रतिक्रिया.

दुसऱ्या रेल्वे गेटापाशी आम्ही फाटक पडायची वाट बघत उभे राहायचो. पहिल्या गाडीला ती माझ्या शर्टात घुसली. आम्ही लांब, काँग्रेस रोडच्या कडेला गेलो. तिथून दुसरी गाडी नुसती ऐकली, तिसरी पाहिली. हा काँग्रेस रोड म्हणजे १९२४च्या अधिवेशनाची आठवण. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन इथेच भरलं होतं आणि त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. तिथे मी मनूला गांधीजींबद्दल सांगत होतो, तेवढ्यात कुंदानं विहिरीकडे बघून आयुष्यातली पहिली भुंक काढली. यादीत नोंद झाली : ‘ऐतिहासिक वास्तू – भुंकली.’

संध्याकाळी व्हॅक्सिन डेपो. इथे मात्र डॉक्टरांची सक्त ताकीद होती. भटकी कुत्री, ओली माती, पाय टेकायचे नाहीत. मी बाकावर बसायचो आणि ती मांडीवरून बघायची. रोज फिरायला येणारे एक आजोबा काठी टेकत थांबायचे आणि विचारायचे, “आज काय शिकली?” त्यांच्याकडून ती बिस्किटाचा कण घ्यायची. काठीवाला माणूस म्हणजे बिस्किट, हे तिच्या डोक्यात पक्कं झालं. त्या प्रत्येक वेळी मला बाजीचं ते जमिनीला चिकटणं आठवायचं.

आणि बाजीचं काय? खरी कसरत तिथे होती. पहिल्या आठवड्यात बाबांनी फतवा काढला की बाजीचं फिरणं बंद. त्याच्या पायांना लागून घरात काहीतरी यायचं! पिल्लासाठी आठ दिवस म्हातारबाबांनी आराम केला, तर काय बिघडलं? आठ दिवसांत बाजीनं सोफ्याची एक बाजू फाडली, जेवण अर्धं टाकलं, आणि कुंदा जवळ आली की गुरगुरायला लागला. बिचाऱ्याचा दिवसातला एकच आनंदाचा तास आम्ही काढून घेतला होता, आणि त्याच वेळी हे बारकं कान चावणारं घरात आलेलं. त्याच्या हिशेबात दोन्हींचा संबंध लागलेलाच होता.

डॉक्टरांनी फतवा रद्द केला. बाजी पुन्हा पहाटे पाचला बाबांबरोबर जायला लागला. फक्त रस्ता बदलला. कचराकुंडीची बाजू सोडून मधोमध चालायचं, दुसऱ्या कुत्र्यांची घाण हुंगू द्यायची नाही. परत आल्यावर फाटकापाशी बादली. पाय धुवायचे, फडक्यानं कोरडे करायचे. धुण्यानं विषाणू मरत नाही, पण चिखलाबरोबर बराचसा निघून जातो. चपला-बूट सगळ्यांचे बाहेर, पाहुण्यांचेसुद्धा. व्हरांड्याची फरशी एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या मिश्रणानं पुसायची, आणि ती वाळेपर्यंत दोघांनाही लांब ठेवायचं. हे पाणी जनावराच्या पायांना मात्र लावायचं नाही. बाजी आला की त्याला आधी जेवण, आधी लाड, नंतर कुंदा. आणि त्याला निवांत बसायला आईची खोली, जिथे पिल्लाला मज्जाव.

दुसऱ्या आठवड्यात गुरगुर कमी झाली. तिसऱ्यात तो तिला कान चावू द्यायला लागला, आणि फार झालं की एकदाच ‘खर्र’ करायचा. ती लगेच आडवी. ती तिची शिकवणी होती, त्यात आम्ही पडलो नाही.

एक चूक मात्र मी केलीच. दहाव्या आणि तेराव्या आठवड्याची इंजेक्शनं वेळेवर झाली, तेराव्याला रेबीजचंही झालं, आणि लगेच गणपती आले. बेळगावचा गणपती म्हणजे काय ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आगमनाच्या दिवशी उत्साहाच्या भरात मी तिला घेऊन ढोल-ताशाच्या फारच जवळ गेलो. तिचं काळीज माझ्या छातीवर धडधडत होतं. तोंडासमोर पेढा धरला, तिनं मान फिरवली. खायला आवडणारं पिल्लू खायचं नाकारतं, तेव्हा ते घाबरलेलं असतं, एवढं मला तोवर माहीत होतं. मागे फिरलो, दोन गल्ल्या ओलांडून थांबलो. तिथे ढोल नुसता दूरचा ठोका होता. पाच मिनिटांनी तिनं पेढा खाल्ला. पुढचे दहा दिवस रोज तेवढ्याच अंतरावरून, मग थोडं जवळ. विसर्जनाच्या रात्री मिरवणुका कपिलेश्वराकडे निघाल्या, तेव्हा ती गच्चीवर मनूच्या मांडीत होती. बाजी न्हाणीघरात. वरच्या टाळ्या आणि खालचं कण्हणं, दोन्ही एकाच घरात.

सोळाव्या आठवड्याला शेवटची लस झाली. दवाखान्यातही ती मांडीवरच होती, कारण आजारी पिल्लं तिथेच येतात. डॉक्टरांनी आणखी दहा दिवस थांबायला सांगितलं. सप्टेंबर संपता संपता, उघडीप असलेल्या एका सकाळी आम्ही सगळे व्हॅक्सिन डेपोत गेलो. कुंदासाठी रीतसर पट्टा. मनूनं तीन-दोन-एक म्हटलं आणि मी तिला लाल मातीवर ठेवलं.

ती खाली बसली. हललीच नाही. माझ्याकडे बघत दोन पाय वर केले : घे. ही जागा वरून बघायची असते असाच तिचा समज झाला होता! आम्ही पोट धरून हसलो. शेवटी काठीवाले आजोबा लांबून दिसले आणि ती आपण होऊन धावली.

त्या दिवशी बाबांनी बाजीलाही आणलं होतं, नेहमीपेक्षा दोन तास उशिरा, गर्दीच्या वेळी. तो पंधरा-वीस पावलं मागे उभा होता. शेपूट पोटाशी. कुंदा आजोबांच्या पायाशी लोळत होती आणि तो तिच्याकडे टक लावून बघत होता. तो पुढे आला नाही. पण पळालाही नाही, जमिनीला चिकटलाही नाही. मी यादी उघडून बाजीच्या नावाची नवी पानं सुरू केली. पहिली नोंद : ‘काठीवाले आजोबा, वीस पावलं, उभा राहिला.’

तेव्हापासून रविवारी त्यालाही नेतो. गेल्या महिन्यात अंतर बारा पावलांवर आलं होतं. शून्यावर येईल असं मी धरून चाललेलो नाही. रोजचं त्याचं फिरणं अजूनही पहाटे पाचलाच. कुंदाचं वेगळं, कारण चार महिन्यांच्या पिल्लाला त्याच्या तीन किलोमीटरना ओढायचं नसतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी पिल्लू येणार असेल तर तारखा कार्डावर लिहून फ्रिजवर लावा, आणि मोठ्या कुत्र्याचं कार्डही आधी शोधा. पिल्लू कडेवर घ्या आणि आपलं गाव दाखवा. इंदूर असो, बडोदा असो, पणजी असो. घाबरलं की मागे फिरा. आपल्यालाही फायदा होतो. छत्तीस वर्षं राहून मला फुलवाल्या बाईंचं नाव माहीत नव्हतं, ते आता आहे.

दिवाळीला कुंदामावशी आली. आईनं आठवडाभर आधी सगळ्यांना ताकीद दिली होती की पिल्लाला ‘बाळ’ म्हणायचं. मावशी दारात पाय ठेवते न ठेवते तोच मनू अंगणातून ओरडली, “कुंदे, चप्पल सोड! आधी सोड ती!”

मावशीनं निमूटपणे चपला बाहेर काढून ठेवल्या.